जुन्या हायब्रिडमध्ये अ‍ॅम्प किती मोठा चालेल?

प्रश्न असा आहे: दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये (2003 ते 2009) 1000 वॅटचा अ‍ॅम्प (आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायर) आणि सबवूफर (खोल बासचा स्पीकर) बसवायचा आहे. गाडीत एवढी मोठी बॅटरी असताना वीज कमी कशी पडेल?

ती मोठी बॅटरी सुमारे 200 व्होल्टची आहे आणि तिच्यातून ऑडिओला थेट काही घ्यायचं नसतं. तिच्या नारिंगी केबलना हातही लावू नका. या गाडीला अल्टरनेटर नाही. 12 व्होल्टवरचं सगळं, वेगळ्या लहान बॅटरीसकट, मोठ्या बॅटरीचा व्होल्टेज खाली आणणाऱ्या डीसी-डीसी कन्व्हर्टरवर चालतं आणि त्याची मजल सुमारे 100 अँपिअर, म्हणजे पूर्ण गाडीसाठी जेमतेम 1400 वॅट. त्यातच हेडलाइट, ब्लोअर, मागचा डिफॉगर, रेडिएटरचे पंखे, ब्रेकचा पंप आणि इलेक्ट्रिक स्टिअरिंग. कन्व्हर्टर इन्व्हर्टरच्याच डब्यात आहे, त्यामुळे तो गेला तर खर्च मोठा.

म्हणून आधी शिल्लक मोजा. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागेल, फक्त एसीचा इथे निरुपयोगी. 12 व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या, गाडी रेडी (डॅशवर READY दिवा, म्हणजे चालायला तयार) आणि गिअर पी (पार्किंग) मध्ये. हेडलाइट, ब्लोअर, डिफॉगर, वायपर सगळं चालू करून क्लॅम्प बॅटरीच्या निगेटिव्ह केबलला लावा. मग स्टिअरिंग जागेवरच फिरवा आणि ब्रेक दाबत राहा. करंट क्षणभर बॅटरीतून बाहेर आला तर हरकत नाही. सतत बाहेर येत असेल, किंवा टर्मिनलवर व्होल्टेज 13 च्या खाली बसून राहिलं, तर कन्व्हर्टर आधीच थकलाय. अ‍ॅम्प बसवल्यावर मोठ्या आवाजात हीच चाचणी पुन्हा करा.

आता अ‍ॅम्पचं गणित. क्लास डी या कमी वीज खाणाऱ्या प्रकाराची कार्यक्षमता 80 टक्के धरली तर 400 वॅट आरएमएसला (सतत देता येणारी शक्ती) 500 वॅट लागतात, म्हणजे 14 व्होल्टला 36 अँपिअर. संगीतात सरासरी याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी जाते, कारण ठोके थोडा वेळच टिकतात. तेवढाच आवाज क्लास एबी या जास्त वीज खाणाऱ्या प्रकाराकडून हवा असेल तर 55 टक्क्यांच्या हिशोबाने 50 अँपिअरच्या वर जाल. माझ्या मते या गाडीत 300 ते 400 वॅट आरएमएस, क्लास डी, इथेच थांबावं. खोक्यावरचे 1000 वॅट बहुधा पीकचे, म्हणजे क्षणभराचे, असतात, आरएमएसचा आकडा शोधा.

कपॅसिटरवर पैसे घालू नका. 1 फॅरडचा कपॅसिटर 14 वरून 12 व्होल्टवर येताना फक्त 26 ज्यूल देतो, म्हणजे 500 वॅटला सेकंदाचा विसावा भाग.

12 व्होल्टची बॅटरी मागे उजव्या कोपऱ्यात असल्याने केबल आखूड पडते, हा मोठा फायदा आहे. 21 चौ. मिमी शुद्ध तांबं घ्या, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम नको. बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत 50 अँपिअरचा फ्यूज हवाच, कारण तो अ‍ॅम्पसाठी नाही, केबल पेटू नये म्हणून आहे. अर्थ जवळच्या बॉडीवर, रंग खरवडून, तेवढ्याच जाडीच्या केबलने द्या. सिग्नलची केबल पॉवर आणि नारिंगी केबलपासून लांब न्या, नाहीतर शिट्टीसारखा आवाज येईल. मूळ हेडयुनिट ठेवून स्पीकरच्या तारांवरून हाय-लेव्हल इनपुट घेणं सोपं पडतं.

गाडी रेडी नसताना, एसीसीवर (फक्त रेडिओसारखी उपकरणं चालू), कन्व्हर्टर बंद असतो. मग ऑडिओचा सगळा भार त्या लहान बॅटरीवर येतो. ती रिकामी झाली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी रेडी होणार नाही, कारण संगणक आणि मुख्य रिले तिच्यावरच आहेत. थांबून ऐकायचं तर रेडी, पी मध्ये आणि मोकळ्या हवेत, कारण इंजिन आपोआप सुरू होतं. एन (न्यूट्रल) मध्ये मोठी बॅटरी चार्ज होत नाही, नुसती उतरते. लहान बॅटरी बदलाल तर एजीएमच (द्रव न सांडणारा सीलबंद प्रकार) घ्या आणि वायू बाहेर नेणारी नळी जोडायला विसरू नका.

इन्व्हर्टरचा कूलंटही बघा. रेडीमध्ये टाकीत पाणी हलताना दिसायला हवं. स्थिर असेल तर पंप गेलाय. 2012 मध्ये टोयोटाने याच पंपासाठी या पिढीच्या काही गाड्या परत बोलावल्या होत्या. तो चालू असल्याशिवाय भार वाढवू नका.

काम झाल्यावर गाडी लॉक करून अर्ध्या तासाने बॅटरीतून जाणारा करंट मोजा. 50 मिलिअँपिअरच्या वर असेल तर अ‍ॅम्पची रिमोट तार (त्याला चालू-बंद करणारी) काढून पुन्हा मोजा. आकडा खाली आला तर ती तार एसीसीला नाही, कायम चालू लाइनला जोडली गेलीय.