‘कर्ण आवडतो, मग त्याला दोष कसा देऊ?’

पदवीच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) हातात निबंधाची सात पानं, विषय ‘कर्ण : व्यक्तिरेखा आणि नैतिक प्रश्न’. वीसपैकी आठ गुण आणि समासात एकच शेरा : ‘कथा सांगितली आहे.’ तिला टोचत होतं ते मात्र गुणांपेक्षा वेगळं होतं.

‘तो चुकला असं लिहायला घेतलं की आपण त्याला दगा देतोय असं वाटतं, मॅडम. बरोबर होता म्हणावं तर द्यूतसभा आठवते. मग मी सरळ गोष्टच लिहून काढते. त्यात बाजू घ्यावी लागत नाही.’

बरोबर आलेल्या आईची काळजी निराळी होती. ‘हिला पुस्तकातली असलीच माणसं का आवडतात? मागच्या महिन्यात मॅकबेथचा पुळका आला होता.’

दोघींचं कोडं एकाच जागी अडलेलं आहे, आणि अभिजात साहित्य शिकणाऱ्या बऱ्याच मुलांचं तिथेच अडतं. व्यक्तिरेखेचं विश्लेषण म्हणजे त्या माणसाला पास किंवा नापास करणं, अशी समजूत असते. निकाल द्यायचा म्हटला की आवडत्या पात्रावर हात उचलवत नाही, आणि निकाल टाळला की उरतं ते कथासार.

आईच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते लहान आहे. शेक्सपिअरच्या मॅकबेथचा पुळका येणं ही नाटककाराची करामत आहे, मुलीच्या स्वभावातली खोट नव्हे. राजा डंकनच्या खुनाआधी मॅकबेथ स्वतःशी बोलतो ते आपण ऐकतो : मी याचा नातलग, याची प्रजा आणि आज रात्री याचा यजमान. खून न करण्याची कारणं त्याच्याच तोंडून येतात. प्रत्यक्ष खून रंगमंचावर दिसत नाही, दिसतो तो हात रक्ताने माखलेला, भेदरलेला माणूस. पुढे सरदार मॅकडफच्या लहान मुलाला मात्र मॅकबेथने धाडलेले मारेकरी आपल्या डोळ्यांदेखत भोसकतात. प्रेक्षकाला आधी जवळ घ्यायचं आणि नंतर दूर लोटायचं, हे ठरवून केलेलं आहे. पहिल्या भागात कळवळा आलाच नाही, तर नाटक निम्मं वाया गेलं. कळवळा आला याची नोंद करायची आणि तो कशामुळे आला हे शोधायचं; विश्लेषणाची सुरुवात तिथूनच होते.

आता निबंध. पहिलं काम पेन्सिलचं. प्रत्येक वाक्याआधी मनात ‘मग’ घालून पाहायचं. ‘मग’ सहज बसला तर ते वाक्य गोष्टीचं, त्याखाली रेघ. ‘कारण’, ‘तरीही’, ‘याउलट’ यांच्यावाचून वाक्य उभंच राहत नसेल तर ते विश्लेषणाचं, त्याला चौकट. तिच्या पहिल्या तीन पानांत रेघाच रेघा होत्या, चौकटी दोन. त्यांपैकी एक अशी : ‘द्रौपदीने स्वयंवरात सूतपुत्र म्हणून झिडकारलं होतं, म्हणून कर्णाने सभेत तिचा सूड घेतला.’

हे वाक्य दिसायला विश्लेषणाचं आहे, आणि इथेच मोठी गफलत होते. हा प्रसंग आला कुठून? भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 ते 1966 या काळात हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. तिच्या मुख्य संहितेत द्रौपदीचा हा नकार नाही. तो काही हस्तलिखितांपुरता आणि पुढच्या कथांपुरता आहे. या विद्यार्थिनीच्या मनातला कर्ण आला होता मुख्यतः ‘मृत्युंजय’मधून (1967). त्या कादंबरीत सहा जण आपापली कहाणी स्वतःच्या तोंडून सांगतात आणि सर्वाधिक बोलतो तो कर्णच. जो स्वतः बोलतो त्याच्या बाजूला वाचक आपोआप सरकतो. कादंबरीवर लिहायचं असेल तर तिथला कर्ण खुशाल घ्यावा, पण निबंधाच्या दुसऱ्या ओळीत ‘हा विचार अमुक साहित्यकृतीपुरता’ असं लिहून टाकावं. दोन कर्णांची गोधडी शिवली की कारण एका ठिकाणचं आणि परिणाम दुसऱ्या ठिकाणचा असा घोळ होतो, आणि परीक्षकाला तो लगेच दिसतो. तिचा निबंध महाभारतावर होता, त्यामुळे हे वाक्य गेलं.

सूड गेल्यावर ती गोंधळली. ‘मग त्याने तसं केलं तरी का?’

तिला एक तक्ता आखायला सांगितला. रकाने चार : प्रसंग, त्या क्षणी त्याच्यापुढे असलेले पर्याय, त्याने निवडलेला पर्याय आणि त्याने स्वतः दिलेलं कारण, आणि शेवटी किंमत कोणी मोजली. हजार शब्दांच्या निबंधाला तीन प्रसंग पुरतात, चार डोक्यावरून पाणी. तिने आधी जन्म, कवचकुंडलं, शाप आणि अडकलेलं चाक असे मिळून नऊ घेतले होते. त्यांतले निम्मे कर्णावर *ओढवलेले* होते, त्यात त्याने काही निवडलेलंच नव्हतं. नदीत सोडलेल्या तान्ह्या बाळाच्या नैतिकतेबद्दल काय लिहिणार? असे प्रसंग पार्श्वभूमी म्हणून दोन ओळींत उरकायचे. दुसरा रकाना रिकामा राहिला तर तो प्रसंग तक्त्यातून काढायचा.

उरले तीन. पहिला, राजकुमारांच्या शस्त्रविद्येच्या प्रदर्शनातला : कुळ विचारलं जातं, दुर्योधन अंगदेशाचं राज्य देतो आणि बदल्यात मागतो ती निरंतर मैत्री. दुसरा, द्यूतसभा. तिसरा, युद्धाआधी कृष्णाने जन्माचं गुपित सांगून देऊ केलेलं राज्य आणि कर्णाने दिलेला नकार.

दुसऱ्या प्रसंगात तिने लिहिलं होतं, ‘मित्रासाठी गप्प राहिला.’ मूळ प्रसंग वाचल्यावर पेन थांबलं. कर्ण गप्प नव्हता. युधिष्ठिराने आधी स्वतःला हरवलं की मला, हा द्रौपदीचा प्रश्न सभेत लोंबकळत असतो. धर्माची गती सूक्ष्म आहे असं म्हणून भीष्म उत्तर देत नाही. तेव्हा दुर्योधनाचाच भाऊ विकर्ण उभा राहून म्हणतो की ती जिंकली गेलेली नाही. त्याला खोडून काढतो कर्ण. तोच तिच्यासाठी हीन शब्द वापरतो आणि पांडवांची व द्रौपदीची वस्त्रं काढून घे, असं दुःशासनाला सांगतो.

तिसऱ्या प्रसंगात तिला निबंध सापडला. कृष्णाला नाही म्हणताना कर्ण कारणं देतो : अधिरथ आणि राधेने मला वाढवलं, दुर्योधनाने माझ्या भरवशावर हे युद्ध उभारलं. आणि तिथेच तो कबूल करतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून पांडवांना जे कटू बोललो, त्याचा आज मला ताप होतो.

म्हणजे तिसऱ्या रकान्यात दोन्हीकडे एकच कारण आलं, दुर्योधनासाठी. चौथा रकाना मात्र जुळेना. कृष्णाला नाही म्हणण्याची किंमत कर्णाने स्वतः मोजली : राज्य गेलं, भाऊ गेले, पुढे प्राणही गेले. सभेतल्या निष्ठेची किंमत त्याच्या खिशातून एक कवडी गेली नाही, ती द्रौपदीवर पडली. तिने हे लिहिलं आणि खाली प्रश्न काढला : ‘निष्ठेची किंमत तिसऱ्याने मोजायची असेल तर ती निष्ठा उरते का?’

नैतिक आशय हा असा लिहायचा असतो. ‘मैत्री’, ‘महत्त्वाकांक्षा’, ‘नियती’ हे एकेक शब्द म्हणजे आशय नव्हे, ती फाइलीवर लावायची चिठ्ठी झाली. ज्यावर दोन समंजस माणसं भांडू शकतील असं वाक्य किंवा असा प्रश्न हवा. तो संहितेतूनच निघाला आहे ना, याची कसोटी सोपी आहे : त्याच साहित्यकृतीत तोच पेच आणखी कुणापुढे आला आहे का? इथे आहे, आणि तो चार तऱ्हांनी सुटला आहे. विदुर कौरवांच्याच आश्रयाला राहून सभेत विरोध करतो. भीष्म बोलतो, पण उत्तर देत नाही. विकर्ण सभेत द्रौपदीची बाजू घेतो, तरी युद्धात कौरवांकडून लढतो आणि भीमाच्या हातून मरतो. युयुत्सु धृतराष्ट्राचा मुलगा असून युद्धाच्या तोंडावर पांडवांकडे जातो. या चौघांशेजारी उभा केल्यावर ‘त्या काळी दुसरं काय करता आलं असतं?’ हा कर्णाच्या बाजूचा नेहमीचा बचाव टिकत नाही. आजची मूल्यं त्याच्यावर लादावी लागत नाहीत, त्याच्याच सभेतला माणूस उठून बोललेला आहे. माझ्या मते निबंधातली सर्वांत मोलाची दहा ओळींची जागा विकर्णाला द्यावी. बहुतेक विद्यार्थी त्याला एकही ओळ देत नाहीत.

पुरावा गोळा करताना आणखी एक सवय लावून घ्यावी : हे कोण सांगतंय? मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा निवेदनात हसतात ते भीम, अर्जुन, नकुल, सहदेव आणि सेवक. नंतर धृतराष्ट्राकडे गाऱ्हाणं नेताना दुर्योधन म्हणतो की कृष्ण हसला, द्रौपदीही स्त्रियांसह हसली. ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे घराघरांत ठाऊक असलेलं वाक्य तर चिकित्सित संहितेत नाहीच. निवेदकाचं सांगणं आणि दुखावलेल्या माणसाचं सांगणं यांतला फरक नोंदवला की त्या माणसाचा स्वभाव आपोआप हाती येतो. म्हणून तक्त्यात प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर : नि, स्व किंवा इ, म्हणजे निवेदक, स्वतः पात्र, इतर.

‘शोकांतिक दोष’ हा शब्द तिने तीनदा वापरला होता. अ‍ॅरिस्टॉटलचा ‘हमार्शिया’ म्हणजे नेम चुकणं, गफलत. त्याचा ‘स्वभावातला दोष’ असा अर्थ लावला की सगळं पुस्तक एका दुर्गुणाच्या शोधात संपतं. शब्द काढला, काही बिघडलं नाही.

लेखनाचं प्रमाण असं ठेवलं : प्रत्येक प्रसंगाला दोन-तीन ओळी गोष्टीच्या, एक नेमकं अवतरण, त्यावर सहा-सात ओळी स्वतःच्या. तक्त्याला चाळीस मिनिटं, कच्च्या खर्ड्याला दीड तास. पहिला परिच्छेद शेवटी लिहायचा, कारण आपल्याला काय म्हणायचंय हे तोवर कळलेलं नसतं.

दुसऱ्या खर्ड्यात समारोप आला : ‘प्रत्येक माणसात चांगलं-वाईट दोन्ही असतं.’ हे वाक्य कोणत्याही पात्राला लागू पडतं, म्हणून ते कर्णाबद्दल काहीच सांगत नाही. त्याजागी तिने लिहिलं, ‘कर्णाला पश्चात्ताप झाला, पण तो त्याने कृष्णाजवळ बोलून दाखवला, ज्या सभेत अपमान केला, त्या सभेपुढे नाही.’ आई शेजारी बसून वाचत होती. तिने विचारलं, ‘मग आता आवडतो की नाही?’

‘आवडतो ना. आधी नुसती कीव यायची, आता रागही येतो.’

एक दुखणं अजून बाकी आहे. तक्ता हाताशी असला की ती रकान्यांच्या क्रमानेच परिच्छेद पाडते, त्यामुळे निबंध हिशेबाच्या वहीसारखा वाचला जातो. पुढच्या वेळी मॅकबेथवर लिहिताना तक्ता पूर्ण करायचा, पालथा ठेवायचा आणि चौथ्या रकान्यातल्या सर्वांत खटकणाऱ्या नोंदीपासून सुरुवात करायची, असं ठरलं आहे. तिने मॅकडफच्या मुलाचा प्रसंग निवडला आहे.