नायिकेने बंड केले की कथा अस्तित्ववादी ठरते का?

लघुकथेतील स्त्रीने घर सोडले किंवा नवऱ्याला ठाम नकार दिला, एवढ्यावरून ती कथा स्त्रीवादी अस्तित्ववादाची, म्हणजे माणूस आपल्या निवडींतून घडतो हा विचार स्त्रीच्या जगण्याला लावणारी, आहे असे प्रबंधात म्हणता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते तेवढ्यावरून म्हणता येणार नाही.

फ्रेंच लेखिका आणि तत्त्वज्ञ सिमोन द बोव्हार यांच्या ‘द सेकंड सेक्स’ (१९४९) या ग्रंथातील ‘स्त्री जन्मत नाही, ती घडते’ या अर्थाचे वाक्य सगळेच उद्धृत करतात. कथा वाचताना मला मात्र त्याच्या प्रस्तावनेतील एक भेद अधिक उपयोगी पडतो. स्वातंत्र्य गमावून वस्तूसारखे जगणे माणसावर लादलेले असेल तर तो जुलूम, आणि त्याने ते आपण होऊन पत्करले असेल तर तो नैतिक दोष, असे बोव्हार म्हणतात. चांगल्या कथेत या दोन गोष्टी एकमेकींत अशा गुंतलेल्या असतात की नायिकेची कणव करावी की तिला जाब विचारावा, हे चटकन ठरत नाही. शिवाय आपली खरी ओळख नायिकेच्या आत आधीपासूनच दडलेली असते आणि शेवटी ती तिला गवसते, ही समीक्षेतील आवडती मांडणी अस्तित्ववादाशी जुळतच नाही, कारण या विचारानुसार माणूस आपल्या निवडींतून घडत जातो; आणि त्या निवडीला वाव किती, हे पैसा, कायदा, शरीर आणि संगोपन यांवर अवलंबून असते, ही बोव्हार यांनी त्यात घातलेली मोलाची भर आहे.

त्यांचीच ‘ला फाम रोंप्यू’ (१९६७) ही दीर्घकथा पाहा. मोनिक ही नवरा आणि दोन मुली यांच्यासाठी जगलेली स्त्री, आणि संपूर्ण कथा म्हणजे तिची रोजनिशी. नवऱ्याचे दुसरीकडे प्रेमसंबंध आहेत हे कळल्यावर ती आधी समंजसपणाचा आव आणते, मग प्रत्येक घटनेचा आपल्या सोयीचा अर्थ लावत जाते, आणि पुढे स्वतःच कबूल करते की या वहीतील एकही ओळ दुरुस्तीवाचून खरी नाही. आत्मवंचना इतक्या जवळून दाखवणारी दुसरी कथा मला ठाऊक नाही. गंमत अशी की अनेक वाचक स्त्रियांनी मोनिकमध्ये स्वतःला पाहून लेखिकेला पत्रे पाठवली. ओळींमधले दुवे वाचकाने गुप्तहेरासारखे शोधावेत हा आपला हेतू त्यांच्या ध्यानात आला नाही, याची खंत बोव्हार यांनी पुढे आत्मकथनात नोंदवली.

डोरिस लेसिंग यांच्या ‘टू रूम नाइन्टीन’ (१९६३) मध्ये पेच उलटा आहे. सुसान एका साध्या हॉटेलात खोली घेते आणि तिथे नुसती बसून राहते; त्या खोलीत ती कोणाची पत्नी नसते, कोणाची आई नसते. नवरा माग काढतो तेव्हा ती प्रियकर असल्याची थाप मारते, कारण व्यभिचार त्याला समजू शकतो, हे एकटे बसणे समजणार नाही. माझ्या दृष्टीने कथेचा गाभा या थापेत आहे, शेवटच्या आत्महत्येत नाही. तिचे स्वातंत्र्य सांगायला तिच्या जगात भाषाच नाही.

केट शोपॅन यांची ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ (१८९४) या विषयात हमखास घेतली जाते. कथा अप्रतिम आहे, पण लुईझला मुक्तीची चाहूल नवऱ्याच्या मृत्यूच्या खोट्या बातमीमुळे लागते. कृती करण्याची वेळ तिच्यावर येतच नाही. म्हणून ती प्रबंधाच्या केंद्रस्थानी ठेवू नये असे मला वाटते.

तुम्ही निवडाल त्या कथेत नायिका स्वतःविषयी जे सांगते ती वाक्ये एका बाजूला लिहून काढा आणि ती प्रत्यक्ष काय करते हे दुसऱ्या बाजूला. निवेदन प्रथमपुरुषी असेल तर हे काम आधी करा, कारण तिथे वाचक नायिकेच्या शब्दावर सर्वांत सहज विश्वास ठेवतो.