माठ भिजला की बद्द का वाजतो?

प्रश्न : यंदा नवा माठ आणला. कुंभाराने टिचकी मारून दाखवली तेव्हा खणखणीत वाजला. घरी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवला, सकाळी रिकामा करून वाजवला तर बद्द! तडा कुठेच नाही, आणि दोन दिवस उन्हात वाळल्यावर पुन्हा पहिल्यासारखा. पाण्यातून आवाज हवेपेक्षा वेगाने जातो असं शाळेत शिकलो होतो. मग पाणी मुरल्यावर आवाज मरतो कसा?
– एक वाचक, फलटण

उत्तर : शाळेतलं वाक्य बरोबर आहे, पण ते वेगाबद्दल आहे. तुमच्या कानाला कळतो तो टिकाव. थरथर बराच वेळ राहिली की आपण खणखणीत म्हणतो, लगेच विरली की बद्द. माठाची भिंत म्हणजे बारीक छिद्रांची जाळी. टिचकी बसली की ती एका जागी आवळते, शेजारी सैल होते, आणि आत अडकलेलं पाणी चिंचोळ्या फटींतून इकडून तिकडे ढकललं जातं. या घासाघाशीत थरथर जिरते. शिवाय भिंत जड झाल्यामुळे स्वरही जरा उतरतो.

खडकांतून आवाज पाठवण्यात माझी तीसेक वर्षं गेली. काम सांगायला सोपं. दगडाची बोटभर लांबीची कांडी घ्यायची, दोन्ही टोकांना पीझो स्फटिकाच्या (वीज दिली की थरथरणाऱ्या, थरथरवलं की वीज देणाऱ्या) चकत्या लावायच्या, एकीने ठोका द्यायचा आणि दुसरीने तो ऐकायचा. ५० मिलिमीटर जायला १२.५ मायक्रोसेकंद लागले तर वेग सेकंदाला ४,००० मीटर. चकती आणि दगड यांच्यात हवा राहू नये म्हणून काहीतरी चिकट लावावं लागतं. आडव्या हेलकाव्याच्या लाटांसाठी मध उत्तम. आमच्याकडे मध संपला की काकवी चालायची, मग दुपारपर्यंत टेबलावर मुंग्यांची रांग.

खरा ताप आवाजाचा नसतो, पाण्याचा असतो. नोकरीच्या सुरुवातीला जाळीदार बेसॉल्टची एक कांडी मी रात्रभर बादलीत बुडवली आणि सकाळी मोजली. भिजल्यावर दाबाच्या लाटेचा वेग वाढायला हवा होता, कारण छिद्रांतलं पाणी सहजी दबत नाही. माझा आकडा कोरड्या दगडापेक्षा किंचित खालीच! तीनदा मोजलं, चकत्या बदलल्या, यंत्राला शिव्या घालून झाल्या. शेवटी प्रयोगशाळेतल्या जुन्या मदतनीसाने कांडी काचेच्या भांड्यात पाण्याखाली ठेवली आणि व्हॅक्यूम पंप सुरू केला. दगडातून बुडबुड्यांची जी माळ निघाली, ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबेना. तो म्हणाला, "साहेब, तुमचा दगड अजून तहानलेलाच आहे."

हवा किती लागते घोटाळा करायला? पाण्यात आकारमानाने १ टक्का बुडबुडे मिसळले, तर आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १,४८० मीटरवरून शंभर-सव्वाशेवर कोसळतो. नुसत्या हवेतल्या ३४० पेक्षाही खाली, कारण वजन पाण्याचं राहतं आणि दबणं हवेचं. माझ्या कांडीतही तेच झालं होतं: पाण्याचं वजन दगडावर चढलं, ताठपणा काही आला नाही. तेव्हापासून वजन वाढायचं थांबेपर्यंत पंप बंद करायचा नाही, हा माझा नेम झाला.

छिद्रांतलं पाणी आणि भोवतालचा घन सांगाडा एकमेकांविरुद्ध हलतात, त्यामुळे भिजलेल्या जाळीदार पदार्थात दाबाची आणखी एक संथ लाट असली पाहिजे, हे भौतिकशास्त्रज्ञ मॉरिस बियो यांनी १९५६ मध्ये गणिताने मांडलं. ती पकडायला १९८० उजाडलं. संशोधक थॉमस प्लोना यांनी काचेचे मणी तापवून एकमेकांना चिकटवले, तो तुकडा पाण्यात तिरका धरला, आणि पाण्यातल्या आवाजाहूनही मागे रेंगाळणारी ती लाट वेगळी दिसली. मला बेसॉल्टमध्ये ती कधी गवसली नाही. निघाल्या निघाल्याच विरते.

तुमच्या वाळलेल्या माठाचं नातं चंद्राशी. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ च्या यानाचा काम संपलेला भाग मुद्दाम चंद्रावर आदळवला. तिथल्या भूकंपमापकावर थरथर जवळजवळ तासभर चालली होती. भेगाळ खडकांत लाटा विखुरत राहिल्या हे खरंच, पण तिथे ती जिरवायला फटींत पाणीही नव्हतं.

प्रश्न : सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट ऐन जुलैत झालं. कॉलमचे अल्ट्रासोनिक आकडे 'चांगले' आले आहेत. ओल्या काँक्रीटमुळे ते फुगले असतील का?
– एक सोसायटी सचिव, डोंबिवली

उत्तर : थोडे. पूर्ण भिजलेल्या काँक्रीटमधला आवाजाचा वेग (या चाचणीत तोच मोजतात) कोरड्यापेक्षा २ टक्क्यांपर्यंत जास्त येऊ शकतो, असं आयएस १३३११ या १९९२ च्या भारतीय मानकातच म्हटलं होतं. काँक्रीट जितकं कमकुवत, तितका हा परिणाम जास्त. त्या मानकात 'चांगलं' सेकंदाला ३.५ किलोमीटरपासून सुरू व्हायचं. ३.५५ आलं असेल तर मी त्यावर विसंबणार नाही, ४.२ असेल तर झोप उडवू नका. मला भीती भेगांची वाटते. कोरडी भेग लाट अडवते म्हणून सापडते, पाण्याने भरलेली लाटेला वाट देते. काठावरचे कॉलम दिवाळीनंतर त्याच जागी पुन्हा मोजून घ्या. आणि खुणा ऑइलपेंटने करा, खडूच्या पावसात धुऊन जातात.