इलेक्ट्रिक मोटार घेतल्यास चार्जिंगचा खर्च किलोमीटरला नेमका किती धरावा?

आपण पुण्यात सोसायटीत राहता, रोजचे जाणे-येणे सुमारे 40 किलोमीटर आहे, महिन्या-दोन महिन्यांनी कोल्हापूरला जाता आणि घरचे वीजबिल साधारण 250 युनिटचे येते, असे आपण लिहिले आहे. शोरूममधला विक्रेता किलोमीटरला एक रुपया सांगतो आणि शेजारी तीन रुपये सांगतात, तेव्हा खरे कोणाचे, असा आपला प्रश्न आहे. मीही पुण्यातच इलेक्ट्रिक गाडी वापरतो. माझ्या मते आपल्या बाबतीत शेजाऱ्यांचा आकडा सत्याच्या अधिक जवळ आहे.

विक्रेता विजेचा दर युनिटला सहा-सात रुपये धरतो आणि एका युनिटमध्ये गाडी सात किलोमीटर जाते असे गृहीत धरतो. यातले दुसरे गृहीतक बरेचसे बरोबर आहे, परंतु पहिले महावितरणच्या घरगुती ग्राहकाला लागू पडत नाही, कारण आपल्याकडे दर टप्प्यांनी वाढतो: 100 युनिटपर्यंत एक, 300 पर्यंत दुसरा, 500 पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा. गाडीची युनिटे घरच्या वापरावर चढतात, त्यामुळे त्यांना बिलाचा सरासरी दर नव्हे, तर सर्वांत वरच्या टप्प्याचा दर लागतो. शिवाय बिलावर वीज आकाराखाली वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क या ओळी असतात. त्या न मिळवता काढलेला दर नेहमी फसवा असतो.

आता आपलाच हिशेब करू. महिन्याला 1,000 किलोमीटर धरले तर बॅटरीतून साधारण 143 युनिटे खर्च होतील, पण चार्ज होताना दहा-पंधरा टक्के वीज उष्णतेत जाते, म्हणून मीटरवर 160 युनिटे पडतील असे धरावे. घरची 250 आणि ही 160 मिळून 410 होतात. म्हणजे गाडीची 50 युनिटे दुसऱ्या टप्प्यात आणि 110 युनिटे तिसऱ्या टप्प्यात गेली. सर्व आकार धरून दुसऱ्या टप्प्याला 13 रुपये आणि तिसऱ्याला साडेसोळा रुपये मानले (दर बदलत राहतात, म्हणून आपल्या ताज्या बिलावरचे आकडे घालून पाहावेत), तर खर्च 2,465 रुपये, म्हणजे किलोमीटरला जवळपास अडीच रुपये येतो. ज्या घरात एरवी 120 युनिटेच जळतात तिथे हाच खर्च दोन रुपयांच्या आसपास राहील, तर उन्हाळ्यात एसीमुळे 450 युनिटांवर गेलेल्या घरात तो तीन रुपयांना टेकेल. पेट्रोल लिटरला 104 रुपये आणि शहरात गाडी 15 किलोमीटर देते असे मानले, तर पेट्रोलचा खर्च सुमारे सात रुपये पडतो. बचत होतेच, फक्त ती जाहिरातीइतकी नसते.

विद्युत वाहनांच्या चार्जिंगसाठी महावितरणची वेगळी वर्गवारी आहे आणि तिच्यासाठी स्वतंत्र मीटर घेता येतो. तिथे घरगुती टप्पे लागत नाहीत, मात्र वेगळा स्थिर आकार येतो आणि दिवसाच्या वेळेनुसार दर कमी-जास्त होतो. आपला घरगुती वापर आधीच 250 युनिटांचा असल्याने हा पर्याय आपण अवश्य तपासावा. कमी वीज वापरणाऱ्याने त्या फंदात न पडलेलेच बरे.

चार्जरबाबत एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. भिंतीवर बसवायचा 7.2 किलोवॅटचा चार्जर 32 अँपिअर ओढतो आणि त्यासाठी बहुतेक सदनिकांना मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. आपल्याला रोज सहा-साडेसहा युनिटेच भरायची आहेत, आणि साधा 15 अँपिअरचा सॉकेट तेवढी वीज दोन-अडीच तासांत देतो. खर्च करायचाच तर तो वायरिंगवर करावा: मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र तांब्याची तार (4 चौरस मिलिमीटर, अंतर लांब असल्यास 6), चांगले अर्थिंग आणि गळतीच्या प्रवाहाला तुटणारा आरसीसीबी. पहिल्या रात्री तासाभराने प्लगवर हात ठेवून पाहावा. तो कोमट असणे ठीक, पण हात ठेववत नसेल तर सॉकेटमधला स्क्रू बहुधा सैल आहे आणि ते दुरुस्त होईपर्यंत चार्जिंग बंद ठेवावे. सोसायटीचे ना हरकत पत्र गाडी बुक करण्याआधी लेखी घ्यावे, तोंडी होकारावर विसंबू नये.

गाडी निवडताना कंपनीने सांगितलेल्या पल्ल्याचा शहरात पाऊण आणि महामार्गावर दोन-तृतीयांश भाग खरा धरावा. रोजच्या 40 किलोमीटरला टियागो ईव्हीची 24 किलोवॅट-तासांची (म्हणजे 24 युनिटांची) बॅटरीसुद्धा भरपूर आहे. प्रश्न कोल्हापूरचा आहे. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा तो रस्ता वाटेत न थांबता गाठायचा असेल तर नेक्सॉनच्या 45 किंवा क्रेटाच्या 51.4 किलोवॅट-तासांच्या बॅटरीकडे वळावे लागेल. वर्षातून सहा-सात वेळा वाटेत जेवणापुरता तास थांबणे चालत असेल, तर त्यासाठी काही लाख जास्त मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. महामार्गावरच्या जलद चार्जरवर 18 टक्के जीएसटीसह युनिटला पंचवीस रुपयांच्या आसपास पडतात, त्यामुळे त्या प्रवासाचा खर्च किलोमीटरला साडेचार रुपये धरावा. तो रोजच्या हिशेबात मिसळू नये.

बॅटरी भाड्याने घेण्याची योजना कोणी सुचवली तर मात्र पुन्हा गणित मांडावे. एमजीची विंडसर 2024 मध्ये आली तेव्हा हे भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये होते. त्यात आपले विजेचे अडीच रुपये मिळवले की सहा होतात, आणि पेट्रोलच्या सात रुपयांपुढे उरते ते फारच थोडे. गाडीची सुरुवातीची किंमत कमी दिसते ती याच कारणाने. करारात किमान किलोमीटरची अट आहे का, हे सहीपूर्वी वाचून घ्यावे.