वाचक विचारतात: नारळीकरांच्या कादंबऱ्यांत माणसं कुठं आहेत?

मागच्या अंकात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या विज्ञान कादंबऱ्यांवर लिहिलं होतं, त्यावर विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून भरपूर पत्रं आली. काही जण एकदम खूश, काही जण वैतागलेले. वैतागलेल्यांना आधी घेतो, त्यांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचून मग तक्रार केलीय.

भाऊ, 'वामन परत न आला' वाचली. आयडिया लय भारी, पण त्यातले सारे माणसं एकसारखेच बोलून रायले. कोणाचं घरी भांडण नाई, कोणाले कर्जाची काळजी नाई. असं काऊन बावा? (शेतकरी, दारव्हा तालुका)

दादा, तुमची तक्रार खरी आहे आणि मला पण वाचताना हे जाणवतं, बऱ्याच ठिकाणी शास्त्रज्ञ एकमेकांना समजावत असतात आणि आपण मागं उभं राहून ऐकतो. आपल्याकडच्या वाचकाला उद्धव शेळक्यांच्या 'धग' कादंबरीची सवय, त्यातली कौतिक दोन वाक्यं बोलली की अख्खी बाई समोर उभी राहते. ते नारळीकरांकडं मिळत नाही.

पण या कादंबरीतलं खरं पात्र वामनच आहे असं मला मनापासून वाटतं. जमिनीखालून एक पेटी निघते, त्यात आपल्यापेक्षा कितीतरी पुढं गेलेल्या संस्कृतीचं ज्ञान असतं, त्यावरून हा यंत्रमानव तयार होतो, हुशार, सांगितलं ते ऐकणारा, सगळ्यांना हवाहवासा. आणि मग त्याला आपल्यासारखाच दुसरा बनवायचा असतो. इथं माझ्या अंगावर काटा आला. दिवाळीत पाडव्याला आपण 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतो ना, त्या बळीनं बटू वामनाला फक्त तीन पावलं जागा दिली होती, आणि त्यात सगळंच गेलं. नुसत्या यंत्राची हुशारी दाखवून लेखक थांबला असता तर पुस्तक कधीच शिळं झालं असतं, पण यंत्राला स्वतःची कॉपी काढू द्यायची का हा प्रश्न आज एआयच्या दिवसांत उलट जास्त टोचतो.

नाव मोठं होतं म्हणून कौतुक. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर छापलं असतं का? (निवृत्त ग्रामसेवक, अचलपूर)

काका, छापलं असतं. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' (म्हणजे ब्लॅक होल, ज्यातून प्रकाशही सुटत नाही) ही गोष्ट पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. परीक्षकांना खरा लेखक माहीत नव्हता, तरी पहिलं बक्षीस त्याच गोष्टीला मिळालं.

त्याच गोष्टीबद्दल. कृष्णविवराजवळ वेळ हळू चालते म्हणतात, हे खरंच असतं का लेखकानं मनानं लिहिलं? मैत्रिणी म्हणतात सगळी थाप आहे. (बारावी सायन्स, हिंगणघाट)

ताई, थाप अजिबात नाही. गुरुत्वाकर्षण जिथं जास्त तिथं घड्याळ हळू चालतं, हे आइन्स्टाइनचं गणित आहे आणि ते रोज तुझ्या मोबाईलमध्ये वापरलं जातं. जीपीएसचे उपग्रह साधारण 20,200 किलोमीटर उंचीवर फिरतात, तिथं गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून त्यांची घड्याळं दिवसाला 45 मायक्रोसेकंद (एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) पुढं जातात, आणि वेगामुळं 7 मायक्रोसेकंद मागं पडतात. राहिले 38. एवढी दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात मॅपवरची जागा दहाएक किलोमीटरनं चुकेल, म्हणजे गाडी नेमकी वर्ध्यात आणि मॅप दाखवणार सेवाग्रामच्या पलीकडं कुठंतरी. कृष्णविवराजवळ हाच फरक प्रचंड होतो. लेखकानं नियम तोच ठेवला, फक्त माणूस तिथं नेऊन उभा केला, आणि मला त्यांचं हेच सगळ्यात आवडतं.

आमच्या शाळेत मुलांना कादंबरी दिली, दहा पानांत कंटाळली. काय करू? (शिक्षिका, मेहकर तालुका)

बाई, कादंबरी आधी देऊच नका, गोष्टीपासून सुरुवात करा. 'गंगाधरपंतांचे पानिपत' वर्गात मोठ्यानं वाचा. 1761 च्या लढाईत विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झालं असतं यावर ती आहे, आणि इतिहासाच्या तासाला झोपणारं पोरगं पण ती ऐकतं, शिवाय तिचं इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात घेतलेलं आहे.

आणि तुम्ही तर लोणार सरोवराच्या शेजारी राहता! काळ्या बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेलं विवर, व्यास जवळपास 1.8 किलोमीटर, पाणी खारट. जून 2020 मध्ये ते पाणी गुलाबी झालं होतं, मुलांनी पाहिलं पण असेल, पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासलं तर खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव निघाले. मुलांना काठावर न्या आणि सांगा, उल्का पडली त्या दिवशी इथं कोणी असतं तर त्यानं काय पाहिलं असतं, एक पान लिहा. वऱ्हाडीत लिहिलं तरी चालेल, आणि चांगली पानं आमच्याकडं पाठवा, दिवाळी अंकात जागा ठेवतो.