तोंडाच्या कॅन्सरमध्ये बीएमआय-१ प्रथिन स्टेम सेलना कसं टिकवून ठेवतं? ते बंद करणारं औषध मिळतं का?

तुम्ही लिहिलंय की केमोने वडिलांची गालातली गाठ निम्मी झाली, म्हणून ते आता ऑपरेशनला नको म्हणतायत. आणि भावाने कुठेतरी वाचलं की बीएमआय-१ बंद केलं की कॅन्सरच्या स्टेम सेल संपतात. मी परळला बरीच वर्षं प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचं काम केलंय. डॉक्टर नाही, पण हे प्रथिन मला चांगलं माहीत आहे.

गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. बहुतेक पेशी काही वेळा विभागून थांबतात. थोड्याच अशा असतात की दर विभाजनात आपल्यासारखी निदान एक तरी मागे ठेवतात. त्यांनाच कॅन्सरच्या स्टेम सेल म्हणतात. २००३ मध्ये मायकेल क्लार्क यांच्या गटाने स्तनाच्या कॅन्सरमधून अशा पेशी वेगळ्या काढल्या. त्यातल्या शंभरेक टोचल्या तरी उंदराला गाठ आली, इतर हजारो टोचूनही आली नाही. २००७ मध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरमध्येही अशा पेशी सापडल्या आणि त्यांच्या केंद्रकात बीएमआय-१ भरपूर होतं.

बीएमआय-१ पॉलिकोंब नावाच्या प्रथिन-कुटुंबातलं. जनुकं गप्प ठेवणं हे या कुटुंबाचं काम. डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. रिंग१बी हे प्रथिन बीएमआय-१ च्या मदतीने त्यातल्या एका हिस्टोनवर खूण चिकटवतं आणि तिथली जनुकं दबून राहतात. दबलेल्यांत दोन फार महत्त्वाची: पी१६ आणि एआरएफ. पी१६ विभाजनाला ब्रेक लावतं, एआरएफ पी५३ ला, म्हणजे बिघडलेल्या पेशीला थांबवणाऱ्या प्रथिनाला, सांभाळतं. पेशी म्हातारी झाली की पी१६ वाढतं आणि ती कायमची थांबते. बीएमआय-१ जास्त असेल तर हा ब्रेक लागतच नाही. अनेक गाठींत पी१६ आधीच गेलेलं असतं, तिथेही बीएमआय-१ इतर वाटांनी काम करत राहतं, त्यामुळे गोष्ट एवढ्यावर संपत नाही.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं. पेशी चिकटणार नाहीत अशा डिशमध्ये, सीरम (पेशींना पोसणारा रक्तातला द्रव) न घालता ठेवल्या की बहुतेक मरतात. आठवडाभरात काही ठिकाणी गोल, घट्ट गोळे तरंगताना दिसतात. खरी परीक्षा पुढे असते. ते गोळे फोडून सुट्या पेशी पुन्हा पेरायच्या. स्टेम सेल असतील तर पुन्हा गोळे होतात. बीएमआय-१ कमी केलेल्या डिशमध्ये पहिल्या खेपेला थोडे गोळे होतात, दुसऱ्या खेपेला मात्र शोधावे लागतात. पेशी विभागतात, पण आपल्यासारखी दुसरी मागे ठेवणं त्यांना जमत नाही.

आता औषधाचं. २०१७ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात दिसलं की सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने गाठ लहान झाली तरी बीएमआय-१ असलेल्या पेशी तगून राहिल्या. सोबत बीएमआय-१ रोखणारं रसायन दिल्यावर परिणाम खूप सुधारला. भावाने बहुधा हेच वाचलं असावं. पण आपल्या रक्ताच्या निरोगी स्टेम सेलनाही हेच प्रथिन लागतं, हे २००३ मध्येच उंदरांत दिसलं होतं. त्यामुळे ते सरसकट बंद करणं जोखमीचं आहे. या कुटुंबातल्याच ईझेडएच२ या प्रथिनाला रोखणाऱ्या टॅझेमेटोस्टॅट या औषधाला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली, पण एका दुर्मिळ सार्कोमासाठी (मऊ ऊतींचा कॅन्सर) आणि एका लिम्फोमासाठी (लसिकाग्रंथींचा कॅन्सर). तोंडाच्या कॅन्सरच्या रोजच्या उपचारांत बीएमआय-१ वरचं औषध नाही. मुंबईत कुणी ‘स्टेम सेल थेरपी’ म्हणून यासाठी पैसे मागत असेल तर देऊ नका.

वडिलांना एवढंच सांगा: उरलेल्या अर्ध्या गाठीत नेमक्या याच चिवट पेशी जास्त असू शकतात. सुरीला बीएमआय-१ कळत नाही. ती कडेच्या निरोगी भागासकट सगळ्याच पेशी काढते. गाठ लहान आहे तोवरच ते सोपं आहे. ऑपरेशनची तारीख मिळाली असेल तर ती घालवू नका, आणि सर्जनना विचारा की केमोआधी गाठ जिथवर होती तिथवरचा भाग काढणार आहात का.