दहशतवादी कट उधळल्याची घोषणा करताना पोलिसांनी किती आणि काय बोलावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: अतिरेक्यांचा कट उघड झाला असं पोलीस जाहीर करतात, तेव्हा लोकांना सावध करणं आणि पकडलेल्या माणसावर अन्याय होऊ न देणं, हे दोन्ही कसं साधायचं? आणि लाखोंच्या जिवासाठी एखाद्यावर थोडा अन्याय झाला तर तो चालवून घ्यावा का?

मी नाशिक जिल्ह्यात फौजदारी वकिली करतो. खाली ज्या खटल्यांचा उल्लेख येईल त्यांपैकी एकातही मी वकील नव्हतो, पण मालेगाव आमच्याच जिल्ह्यातलं असल्याने तिथल्या घडामोडी मी जवळून पाहत आलोय. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. तो अन्याय चालवून घेतला की ज्या सुरक्षेसाठी घेतला तीही हातची जाते.

८ सप्टेंबर २००६ घ्या. शुक्रवार होता आणि त्याच दिवशी शब-ए-बारात. मालेगावात हमीदिया मशिदीलगतच्या बडा कब्रस्तानात आणि मुशावरत चौकात जुम्म्याच्या नमाजनंतर स्फोट झाले. तीसहून अधिक माणसं गेली, मेलेल्यांत मुलंही होती. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने काही महिन्यांतच गुन्हा उलगडल्याचं सांगितलं. नऊ जणांवर मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधातला राज्याचा कडक कायदा) लागला, सगळे मुस्लिम, त्यात युनानी डॉक्टरही. या नऊ जणांपैकी एक स्फोटाच्या आधीपासूनच मुंबई पोलिसांच्या कोठडीत होता. दुसरा त्या दुपारी शेकडो किलोमीटर लांब, यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत नमाज पढवत होता, असं तिथले गावकरी सांगत होते. या दोन गोष्टी तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. पण एकदा 'आरोपी सापडले' असं राज्यभर सांगून झालं की मागे फिरून तपासणार कोण?

तपास पुढे सीबीआयकडे आणि २०११ मध्ये एनआयएकडे (राष्ट्रीय तपास संस्थेकडे) गेला. एनआयएच्या तपासात वेगळेच लोक पुढे आले. आधी पकडलेल्या नऊ जणांच्या जामिनाला विरोध झाला नाही आणि नोव्हेंबर २०११ मध्ये त्यातले बहुतेक बाहेर आले. २५ एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं, त्यांना बळीचा बकरा बनवलं गेलं अशा शब्दांत. तोवर नऊपैकी एकाचा मृत्यू झाला होता.

आता याच शहरातला दुसरा स्फोट. २९ सप्टेंबर २००८, भिक्कू चौक, सहा मृत्यू. या वेळी पकडलेले आरोपी हिंदू होते. पुन्हा वाहिन्यांवर रोज नवा 'मास्टरमाइंड', रोज नवा तपशील. ३१ जुलै २०२५ रोजी सातही आरोपी निर्दोष सुटले. पहिल्या खटल्यात आरोपींची बाजू घेणारे दुसऱ्या खटल्यात नेमके उलटे बोलताना मी ऐकलेत, आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो. घोषणेबद्दलचा नियम आरोपीचा धर्म बघून बदलत असेल तर तो नियमच नव्हे. मधल्या काळात मालेगावच्या त्या घरांना काय मिळालं? दोन स्फोट, दोनदा 'छडा लागला', आणि आजवर एकालाही शिक्षा नाही.

मुंबईच्या लोकल गाड्यांमध्ये ११ जुलै २००६ रोजी झालेल्या बॉम्बस्फोटांचंही तेच. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला पोलीस आयुक्तांनी पत्रकार परिषद घेऊन प्रकरण उलगडल्याचं सांगितलं. २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे आणि हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही, असं त्या न्यायालयाने सांगितलं आहे. तरी उच्च न्यायालयाने निकालाच्या सुरुवातीलाच जे लिहिलं ते तुमच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर आहे. त्याचा आशय असा: गुन्हा उलगडल्याचा खोटा देखावा केला की समाजाला खोटा दिलासा मिळतो आणि खरा धोका मोकळाच राहतो.

यावर मला नेहमी विचारलं जातं, 'मग कसाबसारख्यालाही असंच जपायचं का?' हो, आणि आपण जपलं, म्हणूनच ती शिक्षा टिकली. त्याला वकील दिला, साक्षीपुरावा झाला, तीन न्यायालयांनी तपासला. त्याच खटल्यात हल्ल्यासाठी नकाशे पुरवल्याच्या आरोपावरून दोन भारतीयही उभे होते. मारल्या गेलेल्या अतिरेक्याच्या खिशात सापडला म्हणून एक नकाशा पुराव्यात आला होता. अतिरेक्याचे कपडे रक्ताने माखलेले आणि नकाशावर मात्र रक्ताचा डाग नाही, हे न्यायाधीशांच्या नजरेतून सुटलं नाही. कसाब दोषी आणि हे दोघे निर्दोष, दोन्ही एकाच निकालात, ३ मे २०१० रोजी; कसाबला फाशी सुनावली ६ मे रोजी. सर्वोच्च न्यायालयापर्यंत दोन्ही कायम राहिलं. देशावर झालेल्या सगळ्यात भीषण हल्ल्यांपैकी एकाच्या खटल्यात हे जमलं, तर इतर ठिकाणी जमणार नाही असं मला कोणी सांगू नये.

मग जाहीर काय करायचं? लोकांच्या हातात काही करण्यासारखं असेल ते सगळं, ताबडतोब. १० ऑगस्ट २००६ ला लंडनमध्ये विमानं उडवण्याचा कट पकडला गेला, द्रव स्फोटकं वापरून. त्याच सकाळी विमानतळांवर हातातल्या सामानातून पाणी, शाम्पू, सगळं बंद झालं. तान्ह्या बाळाचं दूध न्यायचं तर आईबापांनी ते तपासनिसासमोर स्वतः चाखून दाखवायचं. गैरसोय प्रचंड झाली, पण प्रवाशाला कळलं की धोका कशाचा आहे आणि आपण काय करायचं. यासाठी एकाही संशयिताचं नाव लागत नाही. तरी दुसऱ्याच दिवशी बँक ऑफ इंग्लंडने खाती गोठवताना एकोणीस नावं जाहीर केली. कट खरा होता, पण विमानांबद्दल पहिल्या ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि त्या आरोपावर शिक्षा व्हायला २००९ चा दुसरा खटला लागला. इतक्या भक्कम प्रकरणातही कोणाचा किती हात होता हे ठरायला तीन वर्षं गेली. आपल्याकडे ते पहिल्या संध्याकाळी ठरतं.

इंग्लंडचंच दुसरं उदाहरण जास्त बोलकं आहे. एप्रिल २००९ मध्ये तिथला दहशतवादविरोधी विभागाचा प्रमुख अधिकारी पंतप्रधानांच्या निवासस्थानी जाताना हातातला गोपनीय कागद झाकायला विसरला आणि छायाचित्रकारांनी तो टिपला. त्यामुळे मँचेस्टर आणि लिव्हरपूलमधले छापे ठरलेल्या वेळेआधी, भर दिवसा घालावे लागले. बारा जण पकडले, बहुतेक पाकिस्तानी विद्यार्थी. पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी फार मोठा कट असल्याचं जाहीर करून टाकलं. दोन आठवड्यांत सगळे आरोपाविना सुटले, कारण पुरावा हाती आलाच नव्हता. त्यानंतर २०१५ मध्ये त्या बारांपैकी एकाला न्यूयॉर्कच्या न्यायालयाने कटात दोषी ठरवलं आणि चाळीस वर्षांची शिक्षा दिली. म्हणजे त्या घोळक्यात धोकादायक माणूस होता, आणि ज्यांच्यावर कधीच काही शाबीत झालं नाही असेही होते. वेळेआधीच्या गाजावाजाने पहिल्याला पकडणं अवघड झालं आणि दुसऱ्यांची बदनामी झाली.

आपल्या न्यायालयांत हे कसं घडतं ते सांगतो, कारण बाहेरच्यांना ते दिसत नाही. आरोपी अनोळखी असेल तर ओळख परेड घ्यावी लागते. तुरुंगात आरोपीला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या डमींमध्ये उभं करतात आणि साक्षीदाराने त्याला ओळखायचं. म्हणून आरोपीला आणताना तोंडावर काळा बुरखा घालतात. लोकांना वाटतं तो लाजेखातर आहे. माझ्याकडच्या एका दरोड्याच्या खटल्यात (दहशतवादाचा नव्हता, पण मुद्दा तोच) साक्षीदाराने माझ्या अशिलाला बोट दाखवून ओळखलं. उलटतपासात मी विचारलं, 'परेडच्या आधी याचा फोटो पेपरात पाहिला होता का?' तो सरळ म्हणाला, 'हो साहेब, टपरीवर पेपर होता, सगळ्यांनीच पाहिला.' ती ओळख तिथेच निकामी झाली आणि खटलाही. अशिलाच्या बाजूने मी समाधानी होतो, पण ज्या घरावर दरोडा पडला त्या म्हातारीकडे मला बघवत नव्हतं. एका फोटोने दोन्ही पक्षांचा न्याय बुडवला.

तसंच 'आरोपीने गुन्हा कबूल केला' हे वाक्य. पोलिसांसमोर दिलेली कबुली, मोक्कासारखा अपवाद सोडला तर, न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. पोलिसांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. मग ते वाक्य टेबलावर ठेवलेल्या माइकसमोर कशासाठी? न्यायाधीशांसाठी नक्कीच नाही.

नियम नाहीत अशातला भाग नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने १ एप्रिल २०१० रोजीच राज्यांना कळवलंय की माध्यमांना फक्त आवश्यक ती वस्तुस्थिती सांगावी, आरोपींना कॅमेऱ्यांसमोर मिरवू नये, ओळख परेड व्हायची असेल तर चेहरा दाखवू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर मंत्रालयाला सविस्तर नियमावली करायला सांगितलं. पाळलं नाही तर काय होतं, हा खरा प्रश्न. आणि पाळलं नाही म्हणून कोणा अधिकाऱ्याची बढती अडल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

पोलिसांची अडचण मला कळते. स्फोटानंतर गप्प बसलं तर अफवा पसरतात आणि मालेगावसारख्या गावात अफवेने दंगल पेटायला एक रात्र पुरते. मंत्र्यांचे फोन येत असतात, नातेवाईक शवागाराबाहेर बसलेले असतात. म्हणून मी 'काही बोलू नका' असं कधीच म्हणणार नाही. रोज बोला. किती जणांना अटक झाली, कोणत्या कलमाखाली, कोणत्या न्यायालयात हजर केलं, कोठडी किती दिवसांची, शहराला अजून धोका आहे का, बेवारस पिशवी दिसली तर कोणाला कळवायचं. इतकं सांगितलं तरी शहर शांत राहतं. संघटनेचं नाव, परदेशी सूत्रधार, 'मास्टरमाइंड' कोण, पकडलेला माणूस कोणत्या मशिदीत किंवा कोणत्या आश्रमात जायचा, हे दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत थांबू शकतं. आणि ज्या खुर्चीवरून अटक जाहीर केली त्याच खुर्चीवरून सुटकाही जाहीर व्हायला हवी, तितक्याच माइकांसमोर. हे मी सगळ्यात आग्रहाने मागतो, कारण यूएपीएखाली (दहशतवादाच्या गुन्ह्यांना लागणाऱ्या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली) पकडलेल्या माणसाला दोषारोपपत्राविना १८० दिवसांपर्यंत आत ठेवता येतं आणि पुढे जामीन जवळजवळ अशक्य असतो. दहा वर्षांनी सुटलेल्याची बातमी आतल्या पानावर येते तेव्हा त्याच्या मुलांच्या शाळेत ती पोचत नाही.

भरपाईचं तर विचारूच नका. ऑस्ट्रेलियात जुलै २००७ मध्ये डॉ. मोहम्मद हनीफ या बंगळुरूच्या डॉक्टरला ग्लासगो विमानतळावरच्या हल्ल्याशी जोडून पकडलं. त्याचं सिमकार्ड हल्ल्याच्या गाडीत सापडलं असं सरकारी पक्षाने न्यायालयात सांगितलं, प्रत्यक्षात ते लिव्हरपूलमध्ये त्याच्या नातेवाइकाकडे होतं. महिन्याच्या आत खटला मागे घेतला गेला, सरकारने चौकशी नेमली, अहवाल छापला, भरपाई दिली. आपल्या विधी आयोगानेही ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांसाठी भरपाईचा कायदा सुचवला होता. तो कायदा अजून आलेला नाही, म्हणून पाच-दहा वर्षं आत काढलेला माणूस रिकाम्या हाताने घरी येतो.

शेवटी, तुम्ही स्वतः काय करू शकता? अशी बातमी आली की कोणत्या न्यायालयात कधी हजर करणार आहेत एवढं बघा, फोटो पुढे पाठवू नका. पकडलेला तुमच्या इमारतीतला असेल तर त्याच्या बायको-मुलांना घर सोडायला लावू नका. अशा वेळी वकीलही मिळत नाही; काही बार असोसिएशननी 'याचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही' असे ठराव केलेत. असे ठराव बेकायदेशीर आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केलं आहे. कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे घरच्यांनी साधा अर्ज द्यायचा. जाणं जमत नसेल तर १५१०० वर फोन करा, आणि हे पहिल्या रिमांडच्या, म्हणजे कोठडीसाठी न्यायालयात हजर करण्याच्या, आधी करा, कारण पोलीस कोठडीचे सगळ्यात महत्त्वाचे दिवस तिथेच ठरतात.